तोंडावाटे काही नाही

सिस्टरने सलाईनने भरलेली छोटी सिरिंज काकूच्या गळ्याखालच्या कॅथेटरला जोडली, दट्ट्या सावकाश आत ढकलला, आणि काकू डोळे न उघडता म्हणाली, "खारट लागलं." पलंगाच्या उशाशी ‘तोंडावाटे काही देऊ नये’ अशी पाटी टांगलेली होती. शस्त्रक्रियेपासून तिच्या ओठांना ओल्या कापसाच्या बोळ्याखेरीज काही लागले नव्हते, आणि तरीही जिभेवर चव आली होती. सिस्टरला त्याचे काहीच वाटले नाही. "बऱ्याच जणांना लागतं, मावशी," असे म्हणून तिने नळीची चिमटी बंद केली आणि ती पुढच्या पलंगाकडे वळली. मी नंतर विचारले तेव्हा कळले की नळी स्वच्छ राहावी म्हणून हे सलाईन सोडताना अनेक रुग्णांना चव किंवा वास जाणवतो. आधीपासून भरून ठेवलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजमधून द्रवात उतरलेली काही द्रव्ये रक्तावाटे फुफ्फुसांत आणि तिथून श्वासात येत असावीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्याजोगे होते, पण काकूचे ते दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. शेजारच्या स्टँडवर दोन लिटरची दुधाळ पिशवी लटकत होती. तिच्यात काकूचा संपूर्ण दिवसाचा आहार होता, तो संथपणे तिच्या हृदयापाशी उतरत होता, आणि त्याची तिला गंधवार्ताही नव्हती. चव होती ती फक्त नळी धुण्याच्या पाण्याला.

आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकल्याने काकूचे बहुतेक लहान आतडे एका रात्रीत निकामी झाले होते. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे 6 मीटर लांब असते, आणि ते 2 मीटरपेक्षा कमी उरले की अन्नातून पुरेसे पोषण मिळण्याची खात्री राहत नाही. काकूचे 1 मीटरही उरले नव्हते. सर्जननी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर एक नागमोडी रेघ काढली, तिचा बराचसा भाग खोडला आणि उरलेला तुकडा मोठ्या आतड्याच्या चौकोनाला जोडून दाखवला. मोठे आतडे वाचले हे फार बरे झाले, असे ते दोनदा म्हणाले, कारण पाणी आणि क्षार शोषण्याबरोबरच न पचलेल्या पिष्टातून थोडी ऊर्जा मिळवण्याचे कामही ते करते. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मग ती जेवणार कशी?" सर्जननी कागद त्यांच्या हातात दिला. "तूर्त शिरेतून," ते म्हणाले.

भेटायला येणाऱ्यांना हे समजावून सांगणे फार जड जाई. त्यांच्या दृष्टीने स्टँडवर लटकणारे सगळेच सलाईन, आणि नुसत्या सलाईनवर माणूस किती दिवस काढणार, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न योग्यच होता, फक्त तो चुकीच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारला जात होता. साध्या सलाईनच्या एका लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असते आणि ऊर्जा शून्य. 5 टक्के ग्लुकोजच्या एका लिटरमध्येही जेमतेम 170 कॅलरी असतात. त्यावर माणसाला पाणी मिळते, अन्न मिळत नाही. काकूच्या पिशवीत 60 ग्रॅम अमिनो आम्ले, 200 ग्रॅम ग्लुकोज आणि 50 ग्रॅम स्निग्धांश होता. त्याखेरीज सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, जीवनसत्त्वे आणि अत्यल्प मात्रेत लागणारी खनिजे. हिशेब 1,400 कॅलरींच्या थोडा वर जात होता. तिच्या अंगलटीच्या बाईला तेवढे पुरते. स्निग्धांशामुळे पिशवी दुधासारखी पांढरी दिसे आणि जीवनसत्त्वे मिसळली की तिच्यावर फिकट पिवळी झाक येई. उजेडाने जीवनसत्त्वे खराब होऊ नयेत म्हणून सिस्टर तिच्यावर अपारदर्शक आवरण चढवीत, आणि मग तर ती पिशवी आहाराची आहे हे कोणालाच ओळखू येत नसे.

हे मिश्रण हाताच्या शिरेतून का देता येत नाही, हे मला त्या वॉर्डातच समजले. त्यात विरघळलेली द्रव्ये रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतात आणि हातातल्या बारीक शिरेत सोडले तर ती शीर सुजते, दुखते, बंद पडते. म्हणून गळ्याजवळच्या किंवा दंडाच्या शिरेतून लांब नळी सरकवत तिचे टोक हृदयाच्या अगदी तोंडाशी, वरच्या महाशिरेत नेऊन ठेवतात. तिथे रक्ताचा प्रवाह एवढा जोरकस असतो की आत येणारा थेंब तत्क्षणी पातळ होतो. म्हणजे जेवण सर्वांत आधी हृदयाला पोहोचते. आपण खाल्लेल्या अन्नाचा बराचसा भाग आतड्यातून आधी यकृताकडे जातो, तिथे त्याची छाननी होते आणि मगच तो शरीरभर जातो. शिरेतून दिलेले पोषण म्हणजे उंबरा न ओलांडता थेट माजघरात उतरलेला पाहुणा. त्याला दारात कोणी अडवत नाही, आणि त्याचे पायही कोणी धुवून घेत नाही. पुढे या उपचाराचे जे त्रास समोर आले, ते बहुतेक या एका गोष्टीशी येऊन भिडत होते.

काकूला भूक लागत होती.

हे तिने मला कुजबुजत सांगितले, जणू काही उपचाराविरुद्ध केलेली ती तक्रारच होती. वॉर्डातल्या तक्त्यावर तिचे सगळे आकडे जागच्या जागी होते: किती मिलिलिटर आत गेले, किती बाहेर पडले, रक्तातली साखर किती. तोंडावाटे घेतल्याच्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ. डॉक्टरांनी ते ऐकले आणि भूक लागणे चांगलेच आहे असे सांगितले. त्यात खोटे काही नव्हते, पण ती जे सांगत होती ते त्यांच्यापर्यंत पोहोचले असेही मला वाटले नाही. भूक केवळ रक्तातल्या साखरेवर ठरत नाही. जठर ताणले जाते, आतड्याच्या अस्तराला अन्नाचा स्पर्श होतो, त्या अस्तरातून संप्रेरके सुटतात आणि मेंदूला पुरे झाल्याची खबर पोहोचते. काकूच्या पेशींना सगळे मिळत होते आणि ही खबर देणारे मात्र सारे बेकार बसले होते. शिरेतून पोसल्या जाणाऱ्या माणसांना अन्नाची स्वप्ने पडतात, हे मी पुढे अशाच एका रुग्णाकडून ऐकले. काकूच्या स्वप्नात पदार्थ येत नसत. तिला चावण्याचा आवाज ऐकू येई.

तिच्याजवळ बसून राहण्याच्या त्या दिवसांत मी या उपचाराचा इतिहास वाचून काढला, कारण दुसरे काही वाचण्यात मन लागत नव्हते. शिरेत अन्न सोडण्याची कल्पना माणसाला फार जुन्या काळी सुचली होती. 1656 च्या सुमारास क्रिस्टोफर रेन यांनी कुत्र्याच्या शिरेत दारू सोडून पाहिली होती. तेच रेन ज्यांनी पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारले. एकोणिसाव्या शतकात कॅनडात कॉलराच्या रुग्णांच्या शिरेत गाईचे ताजे दूध सोडण्यापर्यंत मजल गेली. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, पण मरणाच्या दारातल्या रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाला ते किती स्वाभाविक वाटले असेल, हेही त्या वॉर्डात बसून कळत होते. खरी अडचण स्निग्धांशाची होती. तेल पाण्यात मिसळत नाही, आणि त्याचे थेंब मोठे राहिले तर फुफ्फुसांतल्या केशवाहिन्या तुंबतात. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनच्या तेलाला अंड्याच्या बलकातल्या, तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या फॉस्फोलिपिडची जोड देऊन शरीराला सोसेल असे मिश्रण 1960 च्या दशकाच्या आरंभी तयार केले. आज स्टँडवर दिसणारा दुधाळ रंग थेट त्या कामातून आलेला आहे.

त्याच दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक नावाच्या तरुण सर्जनला वेगळीच गोष्ट छळत होती. शस्त्रक्रिया नीट पार पडायची, टाके जागच्या जागी असायचे, आणि रुग्ण खाऊ न शकल्यामुळे खंगून जायचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल जातीच्या पिल्लांना केवळ शिरेतून पोसून वाढवले आणि ती पिल्ले तोंडाने खाणाऱ्या भावंडांच्या तोडीने वाढली. त्यानंतर लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीला तेच पोषण देण्यात आले आणि तिची हकीकत 1968 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे वजन वाढले, डोक्याचा घेर वाढला. अखेर ती जगली नाही. तिच्यानंतर जी असंख्य अपुऱ्या दिवसांची बाळे पहिले काही दिवस शिरेतल्या पोषणावर तग धरून मोठी झाली, त्यांच्यापैकी कोणाला तिची माहिती असण्याचे कारण नाही. माझे मन मात्र पिल्लांच्या वजनाच्या तक्त्यापाशी थांबले नाही, तिच्या डोक्याच्या घेरापाशी थांबले. कोणीतरी दर आठवड्याला फीत घेऊन तिच्या पाळण्याशी वाकत असेल.

मग जो भाग आला तो मला सर्वांत विलक्षण वाटला. तोंडाने खाणारा माणूस काय काय खातो याचा पत्ता त्यालाच नसतो. जस्त, सेलेनियम, क्रोमियम या गोष्टी कोणी ठरवून खात नाही; अन्नासोबत त्या आपोआप येतात, जेवढ्या लागतात तेवढ्या घेतल्या जातात आणि उरलेल्या निघून जातात. शिरेतून पोषण सुरू झाले आणि ही न मागता मिळणारी आवक एकाएकी थांबली. पिशवीत जे घातले नाही ते शरीरात जात नाही, इतका कडक हिशेब. मग महिन्यांनी किंवा वर्षांनी कोणाच्या तोंडाभोवती आणि जांघेत पुरळ उठले, केस गळू लागले, आणि जस्त दिल्यावर ते थांबले. कोणाचे स्नायू दुखू लागले, ती सेलेनियमची उणीव निघाली. टोरांटोमध्ये डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांच्या देखरेखीखाली अनेक वर्षे शिरेतील पोषणावर असलेल्या एका स्त्रीचे वजन घटू लागले, हातापायांच्या नसा बिघडल्या, साखर आटोक्यात राहिना. क्रोमियम दिल्यावर ती सावरली, आणि 1977 मध्ये ते प्रसिद्ध झाले. माणसाला जगायला काय काय लागते याच्या यादीतील काही ओळी अशा प्रकारे, जेवू न शकणाऱ्या माणसांच्या शरीरावर लिहिल्या गेल्या. त्या माणसांना आहारशास्त्राच्या इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवेइतकीच घाईही घातक. काकूला पहिल्या दिवसांत मुद्दाम कमी पोषण दिले जात होते आणि काका त्यावरून अस्वस्थ होत. इतके दिवस उपाशी आहे, मग एकदम भरपूर का देत नाही? उपाशी शरीराला अचानक भरपूर ग्लुकोज मिळाले की पेशी रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने आत ओढून घेतात, आणि रक्तातली त्यांची पातळी इतकी घसरते की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना खाऊ घातल्यावर त्यातली काही दगावली, ती याच कारणाने. म्हणून ग्लुकोजच्या आधी थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, मग रोज थोडी थोडी वाढ आणि दररोज रक्ततपासणी. हे सारे नीट समजल्यावरही काकांच्या चेहऱ्यावरची घालमेल कमी झाली नाही. समजणे आणि पाहवणे यांत फरक राहतोच.

काकू घरी आली तेव्हा पिशव्याही घरी आल्या. घरी राहून शिरेतून पोषण घेणे 1970 च्या सुमारास टोरांटो आणि सिएटल येथे सुरू झाले. दीर्घकाळ टिकणाऱ्या ज्या नळ्यांमुळे ते शक्य झाले, त्यांतल्या एकीला ब्रोव्हियाक आणि दुसरीला हिकमन या डॉक्टरांचे नाव अजून चिकटलेले आहे. काकूची नळी छातीच्या कातडीखालून काही अंतर बोगद्यासारखी नेऊन मग शिरेत घातलेली आहे, म्हणजे बाहेरचे जंतू सहज आत पोहोचू नयेत. संध्याकाळी काका फ्रिजमधून पिशवी काढून ठेवतात आणि ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तिच्याकडे अधूनमधून पाहत राहतात. नंतर टेबल पुसणे, पंखा बंद करणे, घड्याळ काढून ठेवणे, कोपरापर्यंत हात धुणे. बोटांची पेरे, नखांच्या कडा, अंगठ्याचे मूळ. निवृत्तीनंतर ज्यांनी चहाचा कपसुद्धा स्वतः विसळला नव्हता, ते काका नळीचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना ओठांतल्या ओठांत पंधरापर्यंत आकडे मोजतात आणि ते वाळेपर्यंत श्वास धरून थांबतात. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेले त्यांना चालत नाही. नळीतून एकदा जंतुसंसर्ग झाला की तो थेट रक्तात जातो, अंगात थंडी वाजून ताप भरतो, आणि 38 अंशांच्या वर गेला तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, असा नियम दारामागे चिकटवून ठेवलेला आहे. रात्री बारा तास पंप चालतो. शेवटच्या तासात तो आपोआप मंदावतो, नाहीतर ग्लुकोज एकदम थांबल्याने साखर खाली जाते. काकू म्हणते, पंपाच्या घरघरीची सवय झाली. काकांना मात्र ती थांबली की जाग येते.

आतड्याला विश्रांती देणे हाच उपचार, असे एके काळी डॉक्टरही मानत, आणि मला स्वतःला ती कल्पना फार सुरेख वाटायची. दुखावलेल्या अवयवाला काम नाही, आपण वरून त्याची काळजी घेतो आहोत. प्रत्यक्षात रिकामे आतडे विश्रांती घेत नाही, ते झिजते. त्याच्या अस्तराचे पोषण बरेचसे आतून जाणाऱ्या अन्नातूनच होत असते. अन्न आले नाही तर पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि त्यात पित्ताचा गाळ साचतो. दीर्घकाळ शिरेतून पोसलेल्यांचे, विशेषतः लहान बाळांचे, यकृत बिघडते. त्यासाठी हल्ली पोषणाचे प्रमाण जपून ठेवतात आणि काही वेळा सोयाबीनच्या तेलाऐवजी माशाच्या तेलाचा स्निग्धांश वापरतात. म्हणून ज्याचे आतडे थोडेसुद्धा चालते त्याला ते वापरायला लावायचे, मग ते दोन चमचे का असेना, हा आता नियमच झाला आहे. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात पूर्वी रुग्णाला उपाशी ठेवून शिरेतून पोसत. आता शक्य तितक्या लवकर आतड्यातून आहार सुरू करतात.

आणि जिथे शरीर कोणतेच पोषण वापरण्याच्या पलीकडे गेलेले असते तिथे ही पिशवी लावावी का, यावर माझे मन अजून एका जागी बसत नाही. शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांचा कर्करोग सगळीकडे पसरलेला होता आणि त्यांचा मुलगा दर फेरीला डॉक्टरांकडे तीच मागणी करत होता. डॉक्टर त्याला शांतपणे सांगत की या अवस्थेत त्याने आयुष्य वाढणार नाही, सूज आणि संसर्ग मात्र वाढेल. डॉक्टरांचे बरोबर होते. मुलाचे म्हणणेही एवढेच होते की वडिलांना उपाशी ठेवून आपण बघत बसलो असे नको. याला शास्त्रात उत्तर आहे, आणि ते उत्तर त्या मुलाच्या काहीच कामाचे नव्हते.

काकूला तोंडाने खायची परवानगी मिळाली तेव्हा पहिला घास तिने इतका वेळ चघळला की काकांनी न राहवून विचारले, "गिळतेस ना?" ती मोठ्याने हसली. आता तिला नेमका उलटा सल्ला आहे: खा, भरपूर खा, थोडे थोडे पण दिवसभर खा, कारण आत गेलेल्यातले निम्मे तरी वाया जाणार हे गृहीत आहे. भुकेसाठी कुजबुजणारी काकू आता खाण्याचा कंटाळा आला म्हणून कुरकुरते. उरलेले आतडे हळूहळू रुंदावते, त्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे लांब होतात, शोषण वाढते. ही सुधारणा एक-दोन वर्षे चालू राहते. तिला आणखी हातभार लावणारे एक रोज टोचायचे इंजेक्शनही आहे, पण डॉक्टर अजून त्याकडे वळलेले नाहीत. त्यांनी आधी आठवड्यातील एक रात्र पिशवीविना काढून पाहायला सांगितले. त्या रात्री काकूला झोप लागली आणि काकांना लागली नाही. वजन टिकले, लघवीचे प्रमाण ठीक राहिले, तेव्हा दुसरी रात्रही सुटी मिळाली. पुढच्या रक्ततपासणीत मॅग्नेशियम जागेवर असेल तर तिसरी. नसेल तर पिशवी परत येईल, आणि काकूचे म्हणणे असे की खुशाल येऊ दे, फ्रिजमधला तिचा कप्पा मी अजून दुसऱ्या कशाला दिलेला नाही.